जाऊबाईंचं मशीन

“खुर्ची जरा पुढे घ्या, जाऊबाई. तिथून नीट दिसायचं नाही,” धाकटी म्हणाली आणि मशीनची पाठ थोरलीकडे वळवली.

थोरलीचे गुडघे दुखत होते, तरी तिने खुर्ची पुढे ओढली. ती कण्हली, ते ऐकूनसुद्धा धाकटीला बरं वाटलं.

शेडमध्ये भिंतीला लागून कपडे धुण्याची जुनी मशीनं उभी होती. पिळायचे रबरी रोलर असलेली, वरून झाकणाची, एक तर तीन पायांवर उभं असलेलं नुसतं पिंप. भंगारातून उचलून, गंज खरवडून, पट्टे आणि बेअरिंगं बदलून धाकटीने त्यातलं एकेक चालतं केलं होतं. हा कसला छंद बाई, असं लोक विचारायचे. ती हसून वेळ मारून न्यायची. खरं कारण होतं हे समोरचं, गोल काचेच्या दाराचं पांढरं मशीन.

थोरलीच्या वडिलांनी ते तिला लग्नात दिलेलं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा ते न्हाणीघराच्या कोपऱ्यात चादर पांघरून उभं होतं. “त्याला हात लावायचा नाही. बिघडलंय,” थोरलीने पहिल्याच सकाळी बजावलं. मग काय, सगळ्या घराचे कपडे धाकटीच्या हातावर आले. पडदे, गोधड्या, सासऱ्यांच्या आजारपणातली अंथरुणं. थंडीत बोटांना भेगा पडून रक्त यायचं. थोरली मात्र दर आठवड्याला चादर काढून मशीन पुसायची, काच लखलखीत करायची आणि पुन्हा चादर घालायची. बिघडलेल्या वस्तूचे एवढे लाड कोण करतं? मेकॅनिक बोलवू म्हटलं, की अंगावर यायची. बरं, चार दिवस माहेरी गेली तर गुपचूप लावून तरी बघावं; पण ही बाई माहेरी जायचीच नाही. वडील गेल्याचा निरोप आला त्या दिवशीसुद्धा मशीन पुसत बसली होती. दगडाच्या काळजाची!

धाकटीने हे सगळं पोटात ठेवलं, आणि नीट जपलं. घरं वेगळी झाली तेव्हा थोरली मशीन मागे टाकून गेली. भंगारवाल्याला देऊन टाका, म्हणाली. धाकटीने दिलं नाही. आधी दुसरी मशीनं उघडून हात बसवला आणि परवा याची चादर काढली. पाठीवरची धूळ पुसताना जे दिसलं ते बघून ती एकटीच मोठ्याने हसली. सापडलीस, बाई.

आज तिने नवऱ्यालाही मुद्दाम दारात उभं केलं होतं. वहिनी खोटं बोलणार नाही, असं तो आयुष्यभर म्हणत आला होता. ऐकू दे त्यालाही.

“हे चार बोल्ट दिसतात? वाटेत आतला ड्रम हिंदकळू नये म्हणून कारखान्यात आवळतात. मशीन घरी आलं की आधी हे काढायचे. तुमचे अजून जागच्या जागी आहेत.” धाकटीने जरा दम घेतला. हे वाक्य तिने भांडी घासताना कितीदा तरी म्हणून बघितलं होतं. “म्हणजे हे कधी सुरूच झालेलं नाही. मग जे चाललंच नाही, ते बिघडलं कसं हो, जाऊबाई?”

“जाऊ दे ना आता,” दारातून नवरा म्हणाला.

“का जाऊ दे? माझे हात गेले त्यात!”

धाकटीने पान्याने एकेक बोल्ट काढून थोरलीच्या मांडीवर ठेवला. मग मशीन सरळ करून पाणी जोडलं, आत एक जाड चादर कोंबली आणि वर काठोकाठ भरलेला पेला ठेवला. छंदातली मंडळी एकमेकांना असंच काम दाखवतात. धुणं झालं, पिळायची फेरी आली, ड्रम गरगर फिरू लागला. पेल्यातलं पाणी नुसतं थरथरलं. एक थेंब सांडला नाही.

थोरली त्या पेल्याकडे बघत राहिली.

“आणि बोल्ट काढलेच नाहीत तर?”

“तर काय! पिळायला लागलं की वेड्यासारखं उड्या मारतं. घर डोक्यावर घेतं.”

“हो. दारापर्यंत चालत आलं होतं,” थोरली म्हणाली. “नळ तोडला होता त्याने.”

बोल्ट न काढताच कोणी मशीन लावलं असेल, हे धाकटीच्या डोक्यातच आलं नव्हतं. बोल्ट आहेत म्हणजे कोरं, हा या छंदातला सरळ हिशेब. त्या हिशेबावर तिने सगळा डाव मांडला होता.

“आलं त्याच दिवशी लावलं होतं गं मी. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, बापाने जुनं भंगार रंगवून गळ्यात मारलंय. मला खरं वाटलं. मेकॅनिकनेही पुन्हा तेच सांगितलं असतं, म्हणून बोलावला नाही.” थोरलीने मांडीवरचे बोल्ट मुठीत धरले. “मी अण्णांना फोन केला. म्हटलं, लेकीला भंगार देऊन बोळवलंत, परत तोंड दाखवू नका.”

धाकटीने मशीन बंद केलं. तिला थोरली खोटारडी हवी होती. आयुष्यभर हवी होती.

“दुसऱ्या दिवशी अण्णा आले होते,” थोरली म्हणाली. “हातात पाना होता. मी दार उघडलं नाही.”