उजवा कौल

गर्दी खेचायला देवीदास सकाळपासून भोंग्यावर कोकलत होता, "मत्स्यावतार पाहाले या!" अकोटच्या जत्रेत त्यानं समुद्रातला डॉल्फिन आणून हौदात ठेवला होता. दुपारपासून बायांनी त्याला कौल लावायला घेतला. टाळूवरच्या भोकावर झेंडूचं फूल ठेवायचं, मनातलं विचारायचं. फुसकन फूल उडून उजवीकडे पडलं, की काम फत्ते!

"अवो, नाक हाय थे त्याचं! जीव गुदमरते!" देवीदासनं कपाळ बडवून घेतलं. ऐकतं कोण?

सांजेला भाजीवाल्या सुंदराबाईनं ठेवलेलं फूल जागचं हललंच नाही. देवीदासनं पाण्यात हात घातला, डॉल्फिनला गदागदा हलवलं.

"उठा बाई, संपलं सारं!" तो किंचाळला.

"गप रे बाप्पा," सुंदराबाईनं जोडलेले हात सोडले नाहीत. "देव इचार करून राहिला."