गच्च बसलेली सीट

"एकट्या असाल तर तिथं थांबू नका," फोनवरची बाई म्हणाली. "त्यानं फोटो बघितला असेल तर तो येणार."

संघमित्रानं पाना खाली ठेवला. समोर स्टँडवर काळी सायकल उभी होती. गोवंडीच्या भंगारवाल्याकडून आणलेली, साठेक वर्षांची. काल चेनकव्हरवरचा रंग उतरवताना तिसऱ्या थराखाली पिवळी अक्षरं निघाली होती: भाऊराव, बोरिवली. जुन्या सायकली जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर तिनं लगेच फोटो टाकला होता.

बाईचं नाव वसुधा. भाऊराव तिचे वडील. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते खाडीच्या रस्त्यावर सापडले, डोकं फुटलेलं. सायकल गायब. त्यांच्याबरोबर सायकलचं दुकान चालवणारा धोंडिराम, तोही त्याच दिवसापासून गायब.

"बाबांनी आदल्या दिवशी काहीतरी लिहून सीटखालच्या नळीत घातलं होतं. आईनं बघितलंय. पण सायकलच नाही, तर पोलीस काय करणार? तुम्ही सीट काढलीत का?"

"तीन दिवस काढतेय. बोल्टच सुटत नाही."

"मी गोराईच्या जेटीवर आहे. दोन-अडीच तासांत नाहूरला तुमच्याकडे पोचते. धोंडिरामचा फोटो पण आणते."

फोन बंद झाला. दुपारचे तीन वाजले होते. संघमित्राच्या बाबांचा झेरॉक्सचा गाळा बंद पडल्यापासून ती इथं सायकली दुरुस्त करायची. आज पहिल्यांदाच तिला त्या उघड्या शटरकडे पाठ करून बसवेना. तिनं तिसऱ्या मजल्यावरच्या नंदकुमारकाकांना फोन लावला.

काका लगेच खाली आले. तिच्या जन्माच्या आधीपासून ते या इमारतीत एकटेच राहत होते. गेले तीन दिवस ते रोज पेपर घेऊन गाळ्यात बसत.

"मला काय बोलावतेस बाई? मला सायकलची घंटी वाजवण्यापलीकडे काही येत नाही."

तिनं सगळं सांगितलं. काका पेपरची घडी घालत ऐकत राहिले.

"कागद? नळीत?"

"हो."

"तरी म्हटलं एवढं काय दडलंय त्यात." ते थोडा वेळ सायकलकडे बघत होते. "शटर ओढ. आतून कुलूप लाव. आणि किल्ली माझ्याकडे दे. घाबरून कुणालाही उघडशील."

तिनं किल्ली दिली. मग उगाच हाताला काम म्हणून पुन्हा बोल्टला पाना लावला. तेल सोडून झालं होतं, ड्रायरनं गरम करून झालं होतं, पान्याला पाइप जोडून झाला होता. तिच्या वहीत सगळं वेळेसकट लिहिलेलं होतं. एकच नोंद तिला उलगडत नव्हती: सोडवायला जोर लावला की बोल्ट आणखी घट्ट होतो. गंजानं असं होत नाही.

"राहू दे गं," काका म्हणाले. "हात सोलवटून घेशील."

तेवढ्यात शटरवर थाप पडली.

"कोणी आहे का?" जाड, वयस्कर आवाज. "ग्रुपवर फोटो बघितला. वॉचमननं गाळा दाखवला. ती काळी सायकल बघायचीय."

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. शटरच्या फटीतून दोन चपला दिसत होत्या. पुन्हा थाप पडली, मग आणखी एकदा. बऱ्याच वेळानं चपला निघून गेल्या.

"तोच असेल का?" तिनं कुजबुजत विचारलं.

"असेल." काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी आहे ना इथं. जा, चहा टाक."

ती पार्टिशनमागे गेली. जुन्या झेरॉक्स मशीनवर किटली होती. तिनं बटण दाबलं. अजून दीड तास काढायचा होता. पोलिसांना फोन करावा का? पण नुसत्या सायकल बघायला आलेल्या माणसाबद्दल सांगणार काय?

तिनं दोन कप भरले. फोन थरथरला. वसुधाचा मेसेज होता.

'बसमध्ये आहे. आईला आत्ता आठवलं. सीटचा तो बोल्ट उलट्या आट्यांचा आहे. उजवीकडे फिरवा, लगेच निघेल. चोराला सीट काढता येऊ नये म्हणून बाबांनी आणि धोंडिरामनं मुद्दाम बनवला होता. त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.'

म्हणजे वहीतली नोंद बरोबरच होती. तीन दिवस ती बोल्ट आवळत होती. तिला हसू आलं. दोन्ही कप घेऊन ती घाईनं बाहेर आली.

"काका, तो बोल्ट ना..."

सीट स्टुलावर पडली होती. काका वाकून नळीत बोट घालत होते.

"हो गं," ते म्हणाले. "सुटला."