श्रद्धांजलीचा ठराव

पक्ष कुठलाही असो, भाड्याचा माइक माझाच असतो, त्यामुळे यांची अधिवेशनं मला तोंडपाठ आहेत. आधी अध्यक्षांची वाट बघायची, मग हारतुरे, मग वर्षभरात गेलेल्या कार्यकर्त्यांना श्रद्धांजली. यंदा सरचिटणीसांनी यादी वाचली आणि सहावं नाव आलं सतरंज्या घालणाऱ्या काकांचं. काका माझ्या शेजारी बसले होते. मध्ये महिनाभर हॉस्पिटलात होते खरे, पण पुढे त्यांचं काय झालं हे विचारायला कोणाला सवड झाली नसावी.

"सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं."

सगळे उठले. काकाही उठले, हात जोडून, मान खाली घालून. यांची दोन मिनिटं वीस सेकंदांत संपतात, तशी ती संपली.

मी सरचिटणीसांना गाठलं. "साहेब, काका जिवंत आहेत. हे काय, इथेच आहेत."

त्यांनी काकांना एकदा खालीवर न्याहाळलं. "अरे, पण ठराव मंजूर झाला. एकमताने. हे स्वतः उभे होते की." आणि ते जेवायला गेले.

मी काकांवरच भडकलो. "तोंड शिवलं होतं का तुमचं? जादाचा माइक माझ्या हातातच होता."

काका सतरंजीची घडी घालत होते.

"मध्येच कसा बोलणार? चाळीस वर्षांत व्यासपीठावरून माझं नाव पहिल्यांदाच घेतलं. तेही वडिलांच्या नावासकट."