चित्रातली बाई

मुलीने अख्खं पान घडाघडा वाचून दाखवलं आणि आईची मान ताठ झाली. पहिलीच्या वर्गातली ती बुटकी खुर्ची, गुडघे हनुवटीला टेकायचे तेवढे बाकी होते; तरी ती थाटात बसली होती.

"छान," शिक्षिका म्हणाली. "आता सांग, बकरी कुठे गेली?"

मुलगी पुस्तकाकडे बघत राहिली. शिक्षिकेने पुन्हा, सावकाश विचारलं. मुलीने तेच पान पुन्हा वाचायला घेतलं, तितक्याच घडाघडा. बकरी काही कुठे गेली नाही.

आईचे कान तापले. शिक्षिकेने पुस्तक मिटलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. मुलीला अक्षरं येतात, पण वाचलेलं तिला कळत नाही. असंच राहिलं तर तिला पुन्हा पहिलीतच बसावं लागेल. "घरी तिच्याशी कुठली भाषा बोलता? तुमची की शाळेची?"

"शाळेचीच!" आई ठासून म्हणाली. "घरची भाषा मी बंदच करून टाकलीय, मॅडम."

खोटं नव्हतं ते. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असे. एकदा एका गिऱ्हाईकाने शाळेच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि तिची त त प प झाली. दुकानातली माणसं खो खो हसली. त्याच दिवशी तिने घरात फर्मान काढलं, की मुलीच्या कानावर घरच्या भाषेतला एक शब्दही पडता कामा नये. नवरा मुळातच घुम्या, त्याला काय फरक पडणार! अडचण होती नणंदेची. ती घरी बसून शिवणकाम करायची, मुलीला दिवसभर तीच सांभाळायची, आणि शाळेची भाषा तिला ओ की ठो येत नव्हती.

"वन्सं, राग मानू नका," आईने तिला सांगितलं होतं, "पण पोरीशी बोलत जाऊ नका. तिची भाषा बिघडते."

"बरं बाई," मशीनवरून मान वर न करता नणंद म्हणाली होती, "आजपासून तोंडाला कुलूप."

तेव्हापासून घरात आवाज काय तो मशीनचा. आईला अधूनमधून वाईट वाटे. पण लेकीच्या भल्यासाठी माणूस काय करत नाही, अशी ती स्वतःची समजूत घाले. तिची शाळेची भाषा मोडकीतोडकी होती खरी, पण कामापुरती पुरे होती.

शिक्षिकेने एक चित्र पुढे केलं. पाठमोरी बाई, तिच्या मांडीवर लहान मुलगी, दोघी खिडकीतून बाहेर बघतायत. "ही बाई मुलीला काय सांगतेय? शाळेच्या भाषेत सांग."

मुलीने लगेच सांगितलं. एक उच्चार चुकला नाही.

"लवकर आवर. नीट बस. सगळं संपव. हात लावू नकोस. झोप आता."

शिक्षिका पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. पुढचं वाक्य नव्हतं. आईने ते शब्द ओळखले. तिच्याजवळ होते तेवढे सगळे तिने लेकीला देऊन टाकले होते. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

"आता घरच्या भाषेत सांग. मला येते ती."

मुलीने घाबरून आईकडे पाहिलं. आईने मानेनेच हो म्हटलं. मग मुलगी चित्राजवळ सरकली आणि कुजबुजायला लागली. ही भाषा इतक्या हळू बोलायची असते, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे.

"ती छपरावरची मांजर बघ. रुसलीय. का माहितेय? तिच्या पिल्लाला उडायचंय. ती म्हणते, अरे वेड्या, आपण काय कावळे आहोत? पण पिल्लू महा हट्टी, कुणावर गेलंय कुणास ठाऊक..."

मग कावळा आला. पिल्लाने त्याच्याशी भांडण उकरून काढलं. मुलगी स्वतःच खुदकन हसली.

"मग उडालं का पिल्लू?" शिक्षिकेला राहवेना.

"उडतंय कसलं, धपकन पडलं! पण पडता पडता थोडंसं उडालंच की."

शिक्षिका आईकडे वळली. "हिच्याकडे भाषा आहे हो, भरपूर आहे. आधी या भाषेतली पुस्तकं वाचू द्या तिला, तिच्यामागून शाळेचीही येईल. दुसरीच्या वर्गात बसवते मी हिला."

आईच्या जिवात जीव आला. तिने लेकीला जवळ ओढलं आणि कितीतरी दिवसांनी घरच्या भाषेत म्हणाली, "चित्रातली आई किती गोड बोलते गं!"

मुलगी गोंधळली. तिने चित्राकडे पाहिलं, मग आईकडे. आईला वाईट वाटू नये अशा बेताने ती हळूच म्हणाली,

"मघाशी शाळेच्या भाषेत बोलली ना, ती आई. ही आत्या आहे."