लाल शाई

सुई बाहेर काढून दोन मिनिटंही झाली नव्हती, तोच बाकावर बसलेली मुलगी गळा खाजवायला लागली.

"काय होतंय गं तिवोंगे?" वहीत तारीख लिहितालिहिता सिस्टर तोवेराने विचारलं.

उत्तर तिच्या आईने दिलं. "काही नाही सिस्टर, दुखलं असेल. भित्री आहे."

भित्री कसली? सांधेतापाने हृदयाची झडप बिघडलेली ही पोर वर्षभर दर महिन्याला पेनिसिलिनची सुई घेत होती. वहीत अकरा चौकोन ओळीने भरलेले होते. सरोवराकाठच्या या दवाखान्यात बदली होऊन तोवेराला जेमतेम तीन आठवडे झाले होते. तिला अजून चेहरे ठाऊक नव्हते, पण वह्या पाठ होत्या. माणसं विसरतात, थापा मारतात, वही तसलं काही करत नाही, असं ती उठताबसता ऐकवायची. एखादा चौकोन रिकामा दिसला, की सगळ्या रांगेसमोर उभं करून अशी काही हजेरी घ्यायची, की एवढ्यातच तिच्या नावाने लोक चळाचळा कापू लागले होते.

मुलगी बाकावरून खाली घसरली.

"चक्कर आली वाटतं! पाणी द्या कुणीतरी," रांगेतली एक बाई म्हणाली.

तोवेराने मनगट धरलं. सुईच्या भीतीने चक्कर आली तर नाडी मंदावते. ही तर सुसाट पळत होती आणि बोटांना जेमतेम लागत होती. ओठ सुजले होते. मानेवर, दंडांवर लालभडक गांधी उठल्या होत्या. प्रत्येक श्वासाला छातीत शीळ वाजत होती.

"पाणी बिलकूल नको! आणि तिला बसवू नका. न्याम्हांगो, पाय वर धरा तिचे. अजून वर!"

न्याम्हांगो म्हणजे तिची आई. तिने पाय उचलून पोटाशी घट्ट धरले. तोवेराने ॲड्रेनॅलिनची कुपी फोडली, अर्धा मिली ओढून घेतलं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला सरळ आत टोचलं. घड्याळ बघितलं. सलाइन जोडलं, नाकावर प्राणवायू लावला. हात सराईतपणे चालत होते. अकरा वर्षांच्या नोकरीत तिच्या हातच्या सुईने कुणी दगावलं नव्हतं.

पाच मिनिटं झाली, तरी रक्तदाब लागेना.

"याआधी सुई घेतल्यावर असं कधी झालं होतं? नुसती खाज तरी?"

आईची नजर वहीकडे गेली.

"अहो, तुम्हाला विचारतेय मी!"

"तिवोंगेला कधीच नाही सिस्टर. देवाशपथ."

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"शेंगदाण्याची पेज. रोजचीच."

तोवेराने दुसरी कुपी फोडली. पुन्हा मांडी, पुन्हा घड्याळ. आई काहीतरी पुटपुटत होती. देवाची प्रार्थना असावी. मग हळूहळू ती शीळ विरत गेली, नाडी बोटांना ठळक लागायला लागली आणि मुलीने डोळे उघडले. आपल्या डोळ्यांत पाणी आलंय हे रांगेला दिसू नये म्हणून तोवेराने उगाच पट्टीचा डबा आवरला.

जिल्ह्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

"सर, कुपी तपासली. मुदत ठीक आहे, तीच औषधं दुसऱ्यांनाही दिलीत, कुणाला काही नाही. अकरा वेळा सोसलं, मग बाराव्या वेळीच का?"

"होतं असं. शरीर कधी उलटेल काय सांगावं? रात्रभर नजरेखाली ठेवा. पेनिसिलिन मात्र जन्मभर बंद. गोळ्या सुरू करा."

तोवेराने लाल पेन काढलं आणि वहीच्या मुखपृष्ठावर, आतल्या पानावर आणि दवाखान्याच्या नोंदीत ठळक लिहिलं: पेनिसिलिन देऊ नये, जिवाला धोका.

आई टक लावून बघत होती. "सिस्टर, मला जरा बोलायचं होतं..."

"नंतर. आधी माझं ऐका. ही शाई कुणी खोडायची नाही. कुणी ही सुई द्यायला आलं, तर वही त्याच्या नाकासमोर धरायची. वही दाखवली नाहीत आणि पोर गेली, तर मी तुम्हाला सोडणार नाही. आलं लक्षात?"

न्याम्हांगोने मान खाली घातली. मग तिने विचारलं, "गोळ्यांनी हृदयाला तेवढाच आधार मिळतो ना हो?"

"रोज दोन वेळा न चुकता घेतल्या तर मिळेल. काय बोलायचं होतं तुम्हाला?"

"काही नाही, सिस्टर. तुमचे उपकार झाले."

पुढे दर महिन्याला न्याम्हांगो एकटीच यायची, वही पुढे करायची आणि गोळ्या घेऊन जायची. एकही तारीख चुकली नाही. बाकीच्यांना तोवेरा तिचंच उदाहरण द्यायची.

सातव्या महिन्यात तिवोंगेला सायकलवर बसवून आणावं लागलं. पाय सुजलेले, आडवं पडलं की जीव घुसमटायचा. घसा दुखून तीन आठवडे झाले होते. गोळ्या घ्यायची, पण शाळेच्या नादात अधूनमधून राहून जायच्या. तोवेराने छातीला नळी लावली आणि तिचा चेहरा उतरला. सांधेताप उलटला होता, झडप आणखी बिघडली होती. जिल्ह्याची गाडी यायला तास तरी लागणार होता. आई दाराशीच उभी होती, आत यायला तयार नव्हती.

"तुला ती महिन्याची सुईच हवी होती गं," तोवेरा तिचा हात हातात घेऊन म्हणाली. "पण काय करणार? आठवतंय ना, त्या दिवशी याच बाकावर मरतामरता वाचलीस."

तिवोंगेने दम खात तिच्याकडे बघितलं.

"त्या दिवशी मी कुठे आले होते, सिस्टर? माझी परीक्षा होती. चौकोन रिकामा राहू नये म्हणून आईने माझी वही घेऊन धाकटीला आणलं होतं."