रनिंग

"पेट्रोल की डिझेल, सर?" शोरूममधल्या मुलीनं पुन्हा विचारलं. मी गाडीभोवती आणखी एक चक्कर मारली. पेट्रोलची गाडी स्वस्त, पण ॲव्हरेज कमी. डिझेलला मेंटेनन्स जास्त. काही केल्या ठरेना.

"महिन्याचं रनिंग किती? भरपूर असेल तरच डिझेल परवडतं."

"भरपूर आहे. एक दिवसाआड विट्याहून सांगलीला जातो. वडिलांचं डायलिसिस असतं."

अण्णा त्याच गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून बघत होते. तिथूनच म्हणाले, "पेट्रोलचीच घे की. एवढं रनिंग आता किती दिवस होणार आहे?"

मुलीनं मान खाली घातली. मी जागीच थांबलो.

"डिझेलच द्या," मी म्हणालो. "आणि वॉरंटी जेवढी वर्षं वाढवता येईल तेवढी वाढवा."