शेवटची पेनल्टी

लेकीचं लग्न पक्कं करायला दोन्ही घरं जमली होती. चहा झाला आणि होणाऱ्या व्याह्यांना मस्करीची लहर आली. मुलीचा बाप एकेकाळचा नावाजलेला स्ट्रायकर. त्यांनी त्याचाच जुना व्हिडिओ टीव्हीवर लावला. अंतिम सामना, शेवटची पेनल्टी, आणि बॉल गोलपोस्टच्या वरून थेट प्रेक्षकांत!

"आयुष्यभर ढीगभर गोल केलेत, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हा!" व्याही खो खो हसले. "बॉल अजून खाली आला नाही म्हणतात!"

बायकोने हळूच त्याचा गुडघा दाबला. अशा वेळी हसून सोडून द्यायचं, हे त्याला काय नवीन होतं? निवृत्तीपासून तो तेच तर करत आला होता. पण आज लेकीने मान खाली घातलेली त्याला दिसली.

"व्याहीबुवा, तुम्ही व्हिडिओ मधूनच सुरू केलात. जरा मागे घ्या."

व्याह्यांनी मागे घेतलं. मैदानाच्या मधोमध टीम कोचभोवती गोळा झाली होती.

"कोच विचारतोय, शेवटची कोण मारणार. आता बघा."

पडद्यावर एकेक खेळाडू खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. कॅप्टनसुद्धा. बघता बघता सगळी टीम वाकली. ताठ उभा राहिला होता तो एकटा स्ट्रायकर.

लेकीने मान वर करून पडद्याकडे पाहिलं.

"यापुढे कोणाला दाखवलंत, तर इथपासून दाखवा," तो म्हणाला. "नाड्या माझ्याही बुटांना होत्या."